रोजच्या रस्त्यावर आणि ड्रॅगवर चालणाऱ्या कॉन्टेसाचा मागचा ॲक्सल

मडगावच्या एका तरुणाने विचारले आहे, की त्याच्या हिंदुस्तान मोटर्सच्या जुन्या कॉन्टेसा कारमध्ये मूळ इंजिनाच्या जागी सुमारे २५० न्यूटन मीटर टॉर्क देणारे पेट्रोल इंजिन आणि पाच गेअरांचा गेअरबॉक्स बसवला आहे. पहिला गेअर ३.६ चा (इंजिनाचे ३.६ फेरे झाले की बाहेर एक), चौथा एकास एक आणि पाचवा ०.८५ चा. गाडी रोज मडगाव-पणजी धावते, आणि वर्षातून एक-दोनदा ती आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटरच्या ड्रॅगला, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ धावायच्या शर्यतीला, न्यायची त्याची इच्छा आहे. मागचा ॲक्सल जुनाच असून डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गेअरांची रचना) साधे आहे. कोणता रेशो (शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरते तो आकडा) टाकावा, ॲक्सल बदलावाच लागेल का, आणि डिफरन्शियलमधले गेअर वेल्डिंगने जाम करून घेतले तर स्वस्तात काम होईल का, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

माझा हात डिफरन्शियलवर बसला तो तिस्क-उसगावच्या एका गॅरेजात, खनिजाच्या टिपरांवर. भरलेला टिपर खाणीच्या चढावर पहिल्या गेअरात ओढत असताना क्राउन-पिनियनच्या (शाफ्टच्या टोकाचा लहान गेअर पिनियन, तो ज्याला फिरवतो तो मोठा गेअर क्राउन) दातांवर जो भार येतो, त्याच जातीचा भार ड्रॅगच्या पहिल्या वीस मीटरांत येतो. टिपरमध्ये तो चढत चढत येतो आणि ड्रॅगमध्ये क्लच सोडताक्षणी घणासारखा आदळतो, एवढाच फरक. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, टिपर रांगेने उभे राहिले, आणि तेव्हापासून माझ्याकडे जुन्या जीप, अँबॅसडर आणि कॉन्टेसा यांचे काम वाढत गेले. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. ॲक्सल इंजिनाकडे पाहून निवडू नये, टायरकडे पाहून निवडावा. आणि निवडलेल्या ॲक्सलची जुळणी ज्याच्या हातून होणार आहे त्या माणसाकडे, भागांच्या ब्रँडपेक्षा जास्त लक्ष द्यावे.

टायरपासून सुरुवात का करायची, ते हिशोबाने पाहू. तुमचे इंजिन २५० न्यूटन मीटर देते. पहिल्या गेअरात ते ३.६ पट होते, आणि ४.२७ चे क्राउन-पिनियन धरले तर दोन्ही मागच्या चाकांवर मिळून सुमारे ३,८५० न्यूटन मीटर पोहोचतात. आता रस्ता किती घेऊ शकतो ते पाहा. समजा उभ्या गाडीचे ६५० किलो वजन मागच्या चाकांवर आहे आणि सुटताना आणखी १५० किलो मागे सरकते. रस्त्याच्या चांगल्या टायरची पकड ०.९ धरली आणि चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर २,२०० न्यूटन मीटरच्या पुढे टायर घसरू लागतो. म्हणजे रोजच्या टायरवर ॲक्सलला २,२०० पेक्षा फारसे काही झेलावेच लागत नाही, बाकीचे सगळे धुरात जाते. तीच गाडी चिकट ड्रॅग टायरवर उभी केली आणि पकड १.५ झाली, की मर्यादा ३,७०० च्या जवळ जाते. इंजिन तेच, पण ॲक्सलवरचा भार दीडपटीहून जास्त झाला, आणि त्यात फिरत्या फ्लायव्हीलचा झटका अजून धरलेला नाही. ज्यांचे ॲक्सल धावपट्टीवर तुटले, त्यांतल्या बहुतेकांनी मला सांगितले आहे, की हाच ॲक्सल गेली चार वर्षे काही कुरकुर न करता चालत होता. तो चालला, कारण टायर घसरत होता. म्हणून तुम्ही धावपट्टीवर रोजचेच टायर वापरणार की ड्रॅगचे वेगळे नेणार, हे आधी ठरवा. बाकीची सगळी उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

आता रेशो. गाडीत सध्या काय आहे ते कागदपत्रांवरून किंवा विकणाऱ्याच्या सांगण्यावरून धरू नका. कॉन्टेसाचे उत्पादन २००२ साली थांबले, आणि त्यानंतरच्या इतक्या वर्षांत मधल्या कोणत्या मालकाने काय बसवले असेल हे गाडी उचलल्याशिवाय कळत नाही. गेअर न्यूट्रलमध्ये ठेवा, मागचे एक चाक जमिनीवर राहू द्या, पुढच्या चाकांना ओंडके लावा आणि दुसरे चाक जॅकवर उचला. प्रोपेलर शाफ्टवर (गेअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे येणारा दांडा) आणि त्या चाकावर खडूने खूण करा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक अडवलेले असताना दुसरे चाक दोनदा फिरले, की क्राउन एकदा फिरतो. चाक वीस वेळा फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा. येणाऱ्या आकड्याला दहाने भागले की रेशो मिळाला. दोन फेऱ्यांवर अंदाज बांधणारे ४.१ आणि ४.३ यांच्यात चुकतात, वीस फेऱ्यांवर चूक होत नाही.

नवा रेशो निवडताना दोन टोके धरायची असतात. एक टोक म्हणजे धावपट्टीच्या शेवटी गाडी किती वेगात असेल, आणि दुसरे म्हणजे रोजच्या रस्त्यावर इंजिन किती फिरलेले तुम्हाला सोसेल. २०५/६५ आर १५ चा टायर धरला तर एका फेरीत गाडी सुमारे १.९७ मीटर पुढे जाते. ताशी १५० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण १,२७० फेरे घेते. तुमची गाडी ४०२ मीटरच्या रेषेवर १५० च्या आसपास पोहोचेल असे धरू आणि तिथे ती चौथ्या गेअरात असेल. ३.७३ च्या क्राउनवर इंजिन तेव्हा ४,७३० वर असेल, ४.१० वर ५,२००, ४.२७ वर ५,४२०, ४.५६ वर ५,७९० आणि ४.८८ वर ६,२००. तुमच्या इंजिनाची सर्वात जास्त ताकद ५,४०० च्या आसपास येत असेल, तर रेषा त्या आकड्यावर किंवा त्याच्या थोडी पुढे ओलांडणे सगळ्यात फायद्याचे. ताकदीचा शिखरबिंदू गाठण्याआधीच रेषा आली तर तेवढे इंजिन वायाच गेले, आणि फार पुढे गेले तर शेवटच्या पन्नास मीटरांत इंजिन नुसते ओरडते. इथे ४.२७ बसतो.

दुसरे टोक तपासू. १०० किलोमीटरच्या वेगाला पाचव्या गेअरात ४.२७ वर इंजिन ३,०७० फेऱ्यांवर येते, आणि ८० ला २,४६० वर. नव्या झुआरी पुलावरून ८० ने जाणाऱ्या गाडीला हे अजिबात जड नाही. ४.८८ टाकला तर १०० ला ३,५०० च्या पुढे जाल, आणि कोल्हापूरनंतर पुण्यापर्यंतचा महामार्ग कानाला आणि खिशाला दोन्हीकडे लागेल. पाचवा गेअर नसता, चारच असते, तर मी तुम्हाला ३.७३ च्या पुढे जाऊ नका असे सांगितले असते, कारण ४.२७ वर एकास एक गेअरात १०० ला ३,६०० फेरे घेणारी गाडी कोणी रोज चालवत नाही. तुमच्या ०.८५ च्या पाचव्या गेअरामुळेच ही मुभा मिळाली आहे.

धावपट्टीवर न्यायचा टायर उंचीला वेगळा असेल तर हिशोब बदलतो. तो चार टक्के उंच असला, तर ४.२७ चा क्राउन ४.११ सारखा वागतो. म्हणून मी दोन्ही जोड शक्यतो सारख्या उंचीचे घ्यायला सांगतो. रेशो बदलल्यावर स्पीडोमीटरही चुकीचे दाखवू लागतो, कारण तो गेअरबॉक्सवरून चालतो. ३.९ वरून ४.२७ वर गेलात तर तो साडेनऊ टक्के जास्त वेग दाखवेल. त्याचा छोटा गेअर बदलून घ्यावा.

दातांचे गणित एवढ्यावर संपत नाही. रेशो जितका मोठा, तितके पिनियनचे दात कमी आणि पिनियन बारीक. जीपच्या घराण्यातल्या स्पायसर रचनेच्या ॲक्सलमध्ये ३.७३ म्हणजे ४१ ला ११ दात, ४.२७ म्हणजे ४७ ला ११, ४.८८ म्हणजे ३९ ला ८ आणि जुन्या सीजे-३बी जीपचा ५.३८ म्हणजे ४३ ला ८. अकरा दातांच्या पिनियनमध्ये एका वेळी जितके दात भार वाटून घेतात तितके आठ दातांत घेत नाहीत. त्यामुळे ‘सुटायला जोर हवा’ म्हणून ४.८८ टाकणारा माणूस एकाच वेळी भार वाढवत असतो आणि दात कमजोर करत असतो. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. अनेक ॲक्सलांमध्ये क्राउन ज्यावर बसतो ते डिफरन्शियलचे केस रेशोप्रमाणे वेगळे असते. डाना ४४ या रचनेत ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंना एक केस लागते, ३.९२ आणि त्यावरच्यांना दुसरे. ३.७३ च्या केसवर ४.२७ चा साधा क्राउन चढवला तर तो पिनियनपर्यंत पोहोचतच नाही. संच विकत घेण्याआधी हे विचारून घ्या.

ॲक्सल बदलावा का? तुम्ही रोजच्याच टायरवर ड्रॅगला उतरणार असाल आणि जुन्या हाउसिंगला (ॲक्सलच्या बाहेरच्या पोलादी कवचाला) वाक किंवा तडा नसेल, तर माझा सल्ला आहे की आहे तोच ॲक्सल नव्या बेअरिंगांनी, नव्या सीलांनी आणि योग्य रेशोने बांधून घ्या. ड्रॅगचे चिकट टायर लावणार असाल तर मात्र मोठा ॲक्सल हवा, आणि तिथे पाहायच्या गोष्टी अशा. चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. २८ मिलिमीटरच्या जागी ३३ मिलिमीटरचा शाफ्ट आला, तर फरक पाचच मिलिमीटरचा दिसतो, पण ताकद त्याच पोलादात सुमारे ६४ टक्क्यांनी वाढते. स्प्लाइनच्या (टोकावरच्या लांबट खाचांच्या) मुळाशी तो सर्वात बारीक असतो, माप तिथेच घ्या. मग क्राउनचा व्यास पाहा, आणि शाफ्ट हाउसिंगच्या टोकाला कसा धरला आहे ते पाहा. कारच्या सेमी-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये एकच शाफ्ट पीळही सोसतो आणि गाडीचे वजनही पेलतो. ज्या ॲक्सलमध्ये शाफ्ट आतून इंग्रजी सी अक्षरासारख्या क्लिपने अडकवलेला असतो, तिथे तो तुटला की चाक शाफ्टसकट बाहेर येते. धावपट्टीवर नेणार त्या गाडीत, टोकाला बेअरिंगची प्लेट बोल्टने पक्की करणारी रचनाच मी बसवतो.

जीपचा ॲक्सल भंगारात सहज मिळतो म्हणून अनेक जण तोच कॉन्टेसाखाली घालायला पाहतात. जुन्या जीपमध्ये डिफरन्शियल मध्यावर नसून उजवीकडे सरकलेले असते, कारण तिथे शाफ्ट ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलांना ताकद वाटणाऱ्या पेटीतून, निघतो. कारचा शाफ्ट मधून येतो. तो तिरपा जोडून काम भागत नाही, हाउसिंग कापून नळ्या पुन्हा सरळ वेल्ड कराव्या लागतात, आणि ते काम मोठ्या लेथवर आणि सरळ दांड्याच्या जिगमध्ये झाले नाही तर बेअरिंगे महिन्याभरात ओरडू लागतात. शिवाय जुन्या जीपच्या शाफ्टचे टोक निमुळते असून हब त्यावर चावीने बसतो. ड्रॅगच्या झटक्याने ती चावी कापली जाते. मागून चालणाऱ्या आणि मागे सलग ॲक्सल असलेल्या गाड्यांपैकी पहिल्या पिढीची इनोव्हा हा माझ्या दृष्टीने जास्त विचार करण्याजोगा पर्याय आहे. पण तिच्या चाकांचे बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच आहेत, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांचा मेळ तुम्हाला घालावा लागेल, आणि रुंदी, ब्रॅकेटांच्या जागा व हँडब्रेकची केबल या सगळ्यांची मापे भंगारवाल्याच्या दारातच टेप लावून घ्यावी लागतील.

अमेरिकेतल्या ड्रॅगवाल्यांचे ठरलेले उत्तर म्हणजे फोर्डचा नऊ इंची ॲक्सल. तो १९५७ साली आला. त्याचा सगळा गेअरसंच पुढून एका तुकड्यात बाहेर निघतो, त्यामुळे रेशो टेबलावर बसून बदलता येतो, आणि पिनियनच्या आतल्या, दातांपलीकडच्या टोकालाही बेअरिंग असल्याने भाराखाली पिनियन कलत नाही. पिनियन फार खाली बसवलेला असल्यामुळे दातांतले घर्षण मात्र जास्त, आणि थोडी ताकद त्यात जाते. २५० न्यूटन मीटरच्या गाडीसाठी तो आयात करावा असे मला वाटत नाही. तेवढ्या पैशांत तुमचे टायर, लिमिटेड स्लिप (एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला जोर देणारे डिफरन्शियल) आणि शाफ्ट तिन्ही होतील.

आता वेल्डिंगचा प्रश्न. माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे, आणि ते का, हे नीट समजून घ्या. गाडीने पूर्ण यू-टर्न घेतला की बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा साधारण ४.४ मीटर जास्त चालते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तोच राहतो, कारण तो दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. वेल्ड केलेल्या डिफरन्शियलमध्ये तो फरक घ्यायला जागाच नसते, म्हणून एक टायर तरी घासत जातो किंवा शाफ्टला पीळ बसतो. मडगावच्या बाजारातून रोज किती वळणे घेता ते मोजा, आणि तेवढ्या वेळा शाफ्ट पिळला जातो असे समजा. कोरड्या रस्त्यावर गाडी वळायलाच नकार देते. ओल्या रस्त्यावर ती आधी सरळ पुढे सरकते आणि मग ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा हलला की मागचा भाग एकदम फिरतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचे डिफरन्शियल असेच वेल्ड केलेले होते. जुलैच्या पावसात फर्मागुढीच्या उतारावर ती अडीच वेळा फिरून कठड्याला लागली. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हते. ती उघडली तेव्हा एका बाजूच्या वेल्डला तडा गेला होता आणि धातूचे कण सगळ्या बेअरिंगांत पसरले होते. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा ठिकाणी रोज चालणाऱ्या गाडीत वेल्ड केलेले किंवा पूर्ण जाम डिफरन्शियल मी बांधून देत नाही, कोणी कितीही पैसे दिले तरी.

त्याऐवजी लिमिटेड स्लिप घ्या. क्लच प्लेटांचे डिफरन्शियल सुटताना चांगले पकडते, पण प्लेटा झिजतात आणि तेलात घर्षण सुधारणारे द्रव्य घालावे लागते. हेलिकल गेअरांचे, म्हणजे टॉर्सनच्या तत्त्वावरचे डिफरन्शियल झिजत नाही, आवाज करत नाही आणि ओल्या रस्त्यावर हळुवार वागते. एक चाक हवेत गेले तर मात्र ते जवळजवळ साध्यासारखे होते. तुमच्या वापराला मी हेलिकल सुचवतो. ते कोणत्या ॲक्सलसाठी तयार मिळते हे आधी शोधा आणि मग ॲक्सल ठरवा, कारण ॲक्सल घरी आणून ठेवल्यावर त्याचे लिमिटेड स्लिप जगात कोणी बनवत नाही असे कळलेले लोक मी पाहिले आहेत.

प्रोपेलर शाफ्टकडे दुर्लक्ष होते, म्हणून दोन गोष्टी सांगतो. ४.२७ च्या क्राउनवर रेषेपाशी तुमचा प्रोपेलर शाफ्ट ५,४०० च्या वर फिरत असेल. ७५ मिलिमीटर व्यासाची आणि १.४ मीटर लांबीची पोलादी नळी कागदावर सुमारे ६,३०० फेऱ्यांवर धनुष्यासारखी वाकून थरथरू लागते, आणि व्यवहारात त्याच्या पाऊण हिश्शाच्या वर जाऊ नये. लांबी दुप्पट झाली तर ही मर्यादा चौथाईवर येते, अर्धी झाली तर चौपट होते. म्हणून एवढा लांब शाफ्ट असेल तर नळी जाड व्यासाची घ्या, नाहीतर मधे बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा शाफ्ट ठेवा. दुसरे म्हणजे पुढच्या यू. जे. क्रॉसपासून (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्यापासून) वीतभर अंतरावर शाफ्टभोवती पोलादी पट्टीचे कडे लावा. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतते आणि गाडी त्यावर उचलली जाते. ते कडे हे थांबवते. मागे पाटे असतील तर सुटताना ॲक्सल पिळला जाऊन पिनियनचे नाक वर उठते. त्यासाठी ते उभ्या गाडीत शाफ्टच्या रेषेपेक्षा तीन-चार अंश खाली ठेवा आणि पाट्यांना ट्रॅक्शन बार (ॲक्सलला पिळू न देणारे दांडे) लावा.

आता जुळणी. ॲक्सल टिकतो की जातो ते इथे ठरते, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

डिफरन्शियल उघडण्याआधी बेअरिंगांच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी पंचने खूण करा. त्या हाउसिंगसोबत एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर बेअरिंग कधीच नीट बसत नाही. मग नव्या क्राउन आणि पिनियनवर कोरलेले आकडे जुळवून पाहा. हे दोघे कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. एकदा एका पुरवठादाराकडून आलेल्या बंद खोक्यात क्राउन एका जोडीचा आणि पिनियन दुसऱ्या जोडीचा निघाला. मी आकडे न पाहताच काम सुरू केले आणि सहा वेळा शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) बदलूनही ताशी ६० ला येणारा हुंकार गेला नाही. दोन दिवसांनी आकडे वाचले तेव्हा कारण कळले. तेव्हापासून खोके उघडले की आधी चष्मा लावून आकडे वाचतो.

पिनियनची खोली शिमने ठरते, आणि त्याची बेअरिंगे किती घट्ट बसली ते तो फिरवून पाहायचे. नव्या बेअरिंगांवर, सील न लावता, पिनियन फिरवायला दोन ते तीन न्यूटन मीटर लागले पाहिजेत. जुन्या बेअरिंगांवर त्याच्या निम्मे. इतका छोटा आकडा मोजणारा टॉर्क पाना प्रत्येकाकडे नसतो. मी पिनियनच्या फ्लँजला सुतळी गुंडाळतो आणि मासळी विकणाऱ्यांकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा लावून ओढतो. फ्लँजची त्रिज्या ४० मिलिमीटर असेल आणि पिनियन एकसारखा फिरत असताना काटा सहा किलो दाखवत असेल, तर ते साधारण २.४ न्यूटन मीटर झाले. पहिला झटका धरायचा नाही, फिरत असतानाचा आकडा धरायचा. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दाबून बसणारी बारीक नळी असलेल्या ॲक्सलात नट जरा जास्त आवळला गेला तर तो सैल करून भागत नाही, नळी नवी घालावी लागते. ड्रॅगच्या गाडीत मी त्या नळीऐवजी घट्ट स्पेसर आणि शिम घालतो, म्हणजे झटक्यांनी ती आणखी दबून बेअरिंग ढिले पडत नाही.

क्राउन आणि पिनियनमधला मोकळेपणा डायल गेजने मोजा. बहुतेक कारच्या ॲक्सलांना ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर चालतो, पण क्राउनच्या चार ठिकाणी मोजून त्यांतला फरक ०.०५ च्या आत असला पाहिजे. तो जास्त असेल तर क्राउनखाली कचरा अडकला आहे किंवा केस वाकडे आहे. शिम बदलून ते सुधारत नाही.

मग दातांवरचा ठसा. आमच्या गॅरेजात अजूनही शेंदूर तेलात कालवून ब्रशने चार-पाच दातांना पातळ लावतो. शेंदरात शिसे असते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू देत नाही. क्राउनला लाकडाने थोडा अडसर देऊन पिनियन दोन्ही दिशांनी फिरवायचा. जिथे दाताला दात लागला तिथला शेंदूर पुसला जातो आणि लख्ख पोलादाचा लांबट डाग दिसतो. तो दाताच्या उंचीच्या मध्यावर हवा, आणि लांबीत आतल्या टोकाकडे जरा झुकलेला चालतो, कारण भार आल्यावर तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो. डाग दाताच्या मुळाशी घसरला असेल तर पिनियन फार आत आहे, त्याच्या डोक्याखालचे शिम कमी करा. डाग दाताच्या शेंड्यावर असेल तर पिनियन बाहेर आहे, शिम वाढवा. मोकळेपणा वाढवला की डाग बाहेरच्या टोकाकडे जातो, कमी केला की आत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी ठसा पुन्हा घ्या. एका चांगल्या जुळणीला मला पूर्ण दिवस लागतो. तासाभरात क्राउन-पिनियन बसवून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

पावसाचाही विचार करा. लांबच्या प्रवासाने गरम झालेला ॲक्सल साचलेल्या पाण्यात शिरला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि ब्रीदर (ॲक्सलमधली हवा जाण्या-येण्याचे छिद्र) बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल ताकासारखे पांढरट झाले की समजावे. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर, डिकीच्या पातळीपर्यंत न्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने हाउसिंगच्या वेल्डांवर गंज चढतो, पावसाळ्याआधी ते घासून रंगवा. तेल जीएल-५ दर्जाचेच हवे. ८५डब्ल्यू-१४० आपल्या हवेत चालते. हेलिकल डिफरन्शियलला घर्षणाचे द्रव्य घालू नका.

आरटीओचेही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल विनापरवानगी करता येत नाही, त्यामुळे बदललेल्या इंजिनाची नोंद पुस्तकात झालेली नसेल तर ॲक्सलवर पैसे घालण्याआधी तो विषय मिटवा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे १८९ व्या कलमाखाली गुन्हा आहे. गाडीची परीक्षा धावपट्टीवरच घ्या.

काम झाल्यावर लगेच ड्रॅगला जाऊ नका. पहिल्या दिवशी फोंड्याहून मोल्याच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटे ६०-७० च्या वेगाने, ॲक्सिलरेटर हलकाच ठेवून जा, मग अर्धा तास गाडी थांबवून ॲक्सल थंड होऊ द्या. असे तीन-चार वेळा करा. पहिल्या तापण्यातच दातांचे पृष्ठभाग एकमेकांवर बसतात, आणि तेव्हा जास्त भार पडला तर ते जळून कडकपणा गमावतात. त्यानंतर ८०० किलोमीटर जपून चालवा आणि तेल बदला. तेल सोडायला काढलेल्या बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ लापशी दिसली तर ती नेहमीची झीज आहे, पुसून बोल्ट परत लावा. बोटांत टोचेल असा एकही तुकडा सापडला, तर झाकण उघडून ठसा पुन्हा घ्या, स्पर्धेची तारीख कितीही जवळ असली तरी.